उघड्या दाराचं कवच

स्वालबार्डच्या डोक्यावर रोज सकाळी दहाच्या सुमारास एक दार येतं. खरं तर दार जागचं हलत नाही. ते सूर्याकडे तोंड करून असतं आणि पृथ्वी फिरता फिरता ही बेटं त्याच्याखाली आणून उभी करते. उत्तर ध्रुवापासून जेमतेम तेराशे किलोमीटरवरच्या या नॉर्वेच्या बेटांवर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही काळोख असतो. म्हणून जे इतरत्र उन्हात हरवून जातं ते इथे साध्या डोळ्यांना दिसतं. लाँगइयरबीएन गावाबाहेरच्या डोंगरावर शेल हेन्रिकसेन वेधशाळा आहे. हिवाळ्यात माझं काम तिथे असतं. पट्ट्यांवर चालणारी गाडी वर घेऊन जाते, अस्वलांच्या भीतीने सोबत बंदूक असते आणि पोचल्यावर पहिलं काम म्हणजे लागतील तेवढेच दिवे ठेवून बाकीचे मालवणं. मग आकाशात कधी डोक्यावर, कधी जरा दक्षिणेला एक लाल पट्टा उजळतो. छायाचित्रांतून सगळ्यांना ओळखीचा झालेला तो हिरवा, नाचणारा अरोरा बहुतेक रात्रीच्या बाजूचा. त्यातले कण आधी पृथ्वीच्या मागे पसरलेल्या लांब चुंबकीय शेपटीत साठतात आणि मग उसळून परत येतात. सकाळचा हा लाल उजेड मात्र थेट आलेल्यांचा आहे. चार दिवसांपूर्वी सूर्यावरून निघालेले कण समोरच्या दारातून आत येऊन अडीचशे किलोमीटरहून अधिक उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात. धक्का बसलेला अणू ती ऊर्जा सरासरी पावणेदोन मिनिटांहून थोडी जास्त वेळ धरून ठेवतो आणि मग 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो. खालच्या दाट हवेत त्याला एवढी उसंत मिळत नाही, तिथे कोणी ना कोणी त्याच्यावर आदळून ती ऊर्जा काढून घेतं. म्हणून हा रंग फक्त उंचावर, विरळ हवेत दिसतो.

या दाराला आम्ही ध्रुवीय कस्प म्हणतो. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय आवरण सूर्याकडून येणाऱ्या प्लाझ्माला ज्या दोन ठिकाणी थेट वाट देतं, त्यांपैकी हे उत्तरेकडचं. दुसरं दक्षिणेकडे, अंटार्क्टिकावर.

मी अलिबागची. आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली ती समुद्रापलीकडे अलिबागला आणली गेली. त्याच कुलाब्यात 2 सप्टेंबर 1859 रोजी निरीक्षकांनी हाताने टिपलेले आकडे आजही जगभर वापरले जातात. त्या दिवशीच्या सौर वादळात मुंबईतल्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक जवळजवळ 1600 नॅनोटेस्लाने कोसळला होता. एवढ्या दक्षिणेला सूर्याचा धक्का पोचू शकतो, हे मला शाळेत असतानाच ठाऊक होतं. आणि त्याच वयात, तिन्हीसांजेला दिवा लागला की आजीसोबत रामरक्षाही पाठ म्हणत होते. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी भांडल्या नाहीत. त्यांचा एकमेकींशी खरा संबंध मात्र बाबा गेले तेव्हा आला.

बाबांना न्यूमोनिया झाला होता. आई रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून रामरक्षा म्हणायची, आवाज चढू न देता, एकही श्लोक न गाळता. ते गेल्यानंतर मी घरी पोचले. दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी ती म्हणाली, "डोक्यापासून पायापर्यंत कवच घातलं होतं ना गं ह्यांना? मग शिरलं कुठून?"

तिला तक्रार करायची नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि 'शिरलं कुठून' हाच माझ्या सगळ्या कामाचा प्रश्न आहे. त्या संध्याकाळी मी तिला काही सांगू शकले नाही. आज जे सांगेन ते इथे लिहिते आहे.

आधी पृथ्वीच्या कवचाबद्दल. सूर्यावरून सतत प्लाझ्मा वाहत असतो, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्याला सौरवारा म्हणतात. वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर, दाटी घन सेंटिमीटरला पाच-दहा कण. असा वारा असला पाहिजे हे युजीन पार्कर यांनी 1958 साली गणिताने मांडलं, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारावा असं कळवलं. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटली नव्हती. पण गणितात चूक सापडेना, तेव्हा त्यांनी निबंध छापला. 1962 साली मरिनर 2 या यानाने शुक्राकडे जाताना महिनोन्‌महिने तोच वारा मोजला.

हा वारा पृथ्वीवर सरळ आदळत नाही. सूर्याच्या बाजूला, पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहापट अंतरावर, म्हणजे साधारण 65,000 किलोमीटरवर तो अडतो आणि बाजूने वाहू लागतो. अडवणारी भिंत कुठेच नाही. आहे ते फक्त चुंबकीय क्षेत्र, आणि त्याची रीत मला पहिल्यांदा शिकले तेव्हाइतकीच आजही विलक्षण वाटते. चुंबकीय क्षेत्र धावत्या विद्युतभारित कणावर जोर लावतं तो नेहमी त्याच्या धावेच्या काटकोनात. त्यामुळे कणाची ऊर्जा ते हिरावून घेत नाही आणि वाढवतही नाही. ते फक्त त्याची दिशा बदलतं. वेलीने काठीला विळखे घालत चढावं तसा कण बलरेषेभोवती फिरत तिच्या लांबीने सरकत राहतो. रेषा ओलांडणं त्याला कठीण, रेषेवरून जाणं मात्र सोपं.

इथेच सगळं मर्म आहे. विषुववृत्तावर पृथ्वीच्या बलरेषा जमिनीला समांतर असतात. वरून येणाऱ्या कणाला त्या आडव्या पडतात आणि अडवतात. पण याच बलरेषा ध्रुवांजवळ पृथ्वीच्या पोटात उतरतात. तिथे त्या वरून येणाऱ्याला आडव्या पडत नाहीत, त्याच्यासाठी खाली नेणारी वाट होतात. अडवणारी रेषा आणि आत आणणारी रेषा या दोन वेगळ्या रेषा नाहीत. पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून जे क्षेत्र जन्मतं, ते गाभ्याशी जोडलेलं आहे म्हणूनच कुठेतरी ते गाभ्याकडे वळणार. जिथे वळणार तिथे दार होणार.

सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांना हे 1931 च्या सुमारास कागदावर दिसलं होतं. सौर प्लाझ्माने पृथ्वीचं क्षेत्र चहूबाजूंनी दाबून एका पोकळीत कोंडलं तर काय होईल, याचं गणित ते करत होते. पोकळीच्या पृष्ठभागावर दोन बिंदू असे निघाले की जिथे क्षेत्र शून्य होतं. हे त्यांच्या गणिताचं वैगुण्य नव्हतं. डच गणिती ब्रौवर यांनी 1912 साली सिद्ध केलेलं एक प्रमेय आहे: गोलाच्या पृष्ठभागाला सर्वत्र बिलगून जाणारी सलग दिशा आखायला गेलात, तर निदान एका जागी ती शून्य व्हावीच लागते. म्हणजे दिशांचं बनवलेलं कवच एकही निर्दिश बिंदू न ठेवता गोल पांघरताच येत नाही. निष्णात कारागीर आणा, सृष्टीचा कर्ता स्वतः बसो, हे व्हायचं नाही. 1971 साली उपग्रहांवरच्या उपकरणांना त्या दोन जागांखाली सौरवाऱ्याचे कण खरोखरच उतरताना सापडले. चाळीस वर्षांपूर्वी गणिताने जिथे बोट ठेवलं होतं, दार तिथेच होतं.

आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथे मिळतं. आपण समजतो की कवच पुरं असायला हवं होतं आणि कुठेतरी कोणाची तरी चूक झाली म्हणून ते अपुरं राहिलं. एक श्लोक चुकला असेल, भाव कमी पडला असेल, पूर्वीचं काही पाप असेल. रक्षणाची प्रार्थना करणारी माणसं दुःखात अशी स्वतःलाच आरोपी करतात, आणि आपल्या धार्मिक बोलण्यात त्यांना तसं करू देणारे पुष्कळ भेटतात. मला ते क्रूर वाटतं. पृथ्वीच्या कवचातलं दार कोणाच्या चुकीने पडलेलं नाही. कवच ज्यामुळे आहे त्यामुळेच दार आहे. बाबांच्या फुप्फुसात न्यूमोनिया शिरला तो श्वासाच्या वाटेने. जन्मल्या क्षणापासून ज्या वाटेने त्यांचं आयुष्य आत येत होतं, तीच ती वाट. ती बंद असती तर ते आजारी पडले नसते आणि जगलेही नसते.

पूर्ण कवच मागणारे आपल्या पुराणांत आहेत. हिरण्यकशिपूने मरणाच्या एकेका वाटेची यादी करून ती बंद करून घेतली: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, आत नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको. इतकी काटेकोर यादी करूनही शेवटी उरला तो उंबरठा आणि उरली ती संध्याकाळ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधली, कुठल्याच खात्यात न बसणारी जागा. कस्पही तसाच आहे. त्याच्या सूर्याकडच्या अंगाच्या बलरेषा पृथ्वीवरून निघून पृथ्वीवरच मिटतात, पलीकडच्या अंगाच्या दूर शेपटीत निघून जातात. मधला तो प्रदेश मिटलेलाही नाही आणि शेपटीतलाही नाही. मला त्या कथेत अधिक महत्त्वाचं वाटतं ते हे की संपूर्ण अभेद्यपण मागणारा तिथे असुर आहे. भक्त त्याचा मुलगा आहे आणि त्याने स्वतःसाठी कसलंही कवच मागितलेलं नाही.

मग आत काय येतं आणि कसं येतं? इथे सृष्टी आणखी एक गोष्ट दाखवते. सौरवाऱ्याबरोबर सूर्याचं क्षीण चुंबकीय क्षेत्रही वाहत येतं, पाच-एक नॅनोटेस्लाचं. पृथ्वीच्या ध्रुवावरचं क्षेत्र साठ हजारांच्या घरात. एवढ्या तफावतीत त्या पाचाला कोण विचारणार, असं वाटेल. पण दार किती उघडायचं हे बरंचसं त्या पाचाची दिशा ठरवते. कवचाच्या दिवसाच्या बाजूला पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे तोंड करून असतं. येणारं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर समोरच्या बाजूला दोघं एकमेकांशेजारून निघून जातात, जोडणी होते ती कस्पच्या मागच्या अंगाला. येणारं क्षेत्र दक्षिणेकडे, म्हणजे उलट दिशेचं असेल, तर दोघांच्या बलरेषा समोरच तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. जी रेषा क्षणापूर्वी पूर्णपणे पृथ्वीची होती तिचं एक टोक आता पृथ्वीत आणि दुसरं सौरवाऱ्यात असतं. प्लाझ्मा त्या रेषेवरून आत उतरतो. इंग्लंडच्या जेम्स डंगी यांनी 1961 साली ही पुनर्जोडणी मांडली. जुलै 2025 मध्ये ट्रेसर्स या मोहिमेचे दोन जुळे उपग्रह कक्षेत गेले ते एकामागोमाग कस्पमधून जात हेच टिपण्यासाठी: ही जोडणी सलग चालते की धक्क्याधक्क्याने, आणि कुठे.

मी यातून फार मोठं तत्त्व काढू पाहत नाही. पण जे आपल्याशी समांतर आहे ते शेजारून निघून जातं आणि जे आपल्याला उलटं पडतं तेच आपल्याशी जोडलं जातं, हे चंद्रशेखरांच्या वागण्यात मला दिसतं, आणि माझ्या आयुष्यात मला बदलून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत दिसतं. बाबांचं जाणं त्यांतलंच एक.

आत आलेल्यालाही सगळं खुलं नसतं. खाली उतरताना बलरेषा जवळ जवळ येतात, क्षेत्र बळकट होतं, आणि ज्या कणाचा वेग फिरण्यात अधिक आणि रेषेच्या दिशेने कमी असतो तो अर्ध्या वाटेतून परत फिरतो. हवेपर्यंत पोचतात ते जवळजवळ रेषेवरच धावणारे. आणि या दारातून फक्त आत येणंच होतं असंही नाही. आलेल्या ऊर्जेने तापलेल्या वरच्या हवेतून ऑक्सिजनचे आयन त्याच वाटेने बाहेर, अवकाशात निघून जातात. 2018 च्या डिसेंबरात स्वालबार्डवरच्याच नी-ओलेसुंडहून अग्निबाण सोडण्यात आले ते हे निर्गमन मोजायला. आपल्या देशाचं हिमाद्री हे संशोधन केंद्रही 2008 पासून त्याच चिमुकल्या वस्तीत आहे. पृथ्वी त्या दारातून घेते आणि स्वतःतलं काही देतेही. हे देणं किती मोठं आणि त्यामुळे चुंबकीय कवच वातावरण खरोखर किती राखतं, यावर माझे सहकारी आजही वाद घालतात.

ऐतरेय उपनिषदात सृष्टीच्या कथेच्या अखेरीस आत्मा विचार करतो की या देहात मी कोणत्या वाटेने जाऊ. डोळे, कान, वाणी, प्राण सगळे आपापल्या जागी बसलेले आहेत. तो त्यांच्यातल्या कोणाच्याही दारातून जात नाही. मस्तकाचा माथा, भांग पडतो ती सीमा, विदारून तो आत येतो, आणि त्या दाराला उपनिषद आनंदाचं स्थान म्हणतं. पृथ्वीच्या माथ्यावरच्या लाल उजेडाखाली उभं राहून हे आठवणं मला टाळता येत नाही. तरीही ठामपणे सांगते: त्या ऋषींना कस्प ठाऊक नव्हता आणि तसा दावा करणं म्हणजे ऋषींचाही अपमान आणि चॅपमन, फेरारो, डंगी यांच्या कष्टांचाही. ऋषींना दुसरं काही ठाऊक होतं. देह पुरा झाल्यावर, सगळ्या दारांवर देवता बसल्यावरही, तो जिवंत व्हायला आणखी एक भेद लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. ही माणसाच्या असण्याबद्दलची जाणीव आहे. तिला उपग्रहाच्या दाखल्याची गरज नाही.

आता रामरक्षा. आईच्या प्रश्नानंतर मी ती पुन्हा वाचली, पाठांतराच्या वेगाने नव्हे, एकेका अवयवाशी थांबत. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेलं हे स्तोत्र मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अंगावर रामाचं एकेक नाव ठेवत जातं. आम्ही सगळे ते चिलखत समजून म्हणत आलो. पण कपाळानंतर लगेच येतात ते डोळे, मग कान, नाक, तोंड, जीभ. ही सगळी दारंच आहेत. स्तोत्र त्यांतलं एकही बंद कर म्हणत नाही. मिटलेल्या डोळ्याला आणि बुजलेल्या कानाला रक्षणाची गरज नसते, रक्षण उघड्याचंच करायचं असतं. आणि तिथे कोण उभा केला आहे? डोळ्यांशी कौसल्येचा मुलगा, कानांशी विश्वामित्रांचा लाडका, नाकाशी यज्ञ राखणारा, तोंडाशी लक्ष्मणावर माया करणारा. धनुष्यबाणांची नावं पुढे येतात. या चार दारांवर मात्र नाती आहेत, सेवा आहे: आई, गुरू, दुसऱ्याचा यज्ञ, भाऊ. डोळ्यांनी पाहायचं ते आईने पाहावं तसं, कानांनी ऐकायचं ते गुरूचं ऐकावं तसं, तोंडाने बोलायचं ते भावाशी बोलावं तसं. जे येईल ते येऊ दे, पण ते या नात्यांच्या सोबतीने आत येऊ दे, असं मी ते वाचते. आजीला विचारलं असतं तर तिने कदाचित वेगळं सांगितलं असतं. मला आज हे वाचन खरं वाटतं.

या अर्थाने बाबांचं कवच तुटलं होतं का? त्यांचं शरीर गेलं. त्यावर मी कसलीही मखलाशी करणार नाही. शरीराला आणि पृथ्वीच्या क्षेत्रालाही अंत किंवा उलथापालथ आहेच. हे क्षेत्र शेवटचं उलटलं त्याला सुमारे 7,80,000 वर्षं झाली आणि ते पुन्हा उलटेल. पण शेवटच्या दिवसांत, प्राणवायूचा मुखवटा नाकातोंडावर असताना, बाबा आईचा स्वर ऐकत होते. एखादा शब्द ती हळू म्हणाली तर डोळ्यांनी तिला पुढचा सांगायचे. डोळे, कान, नाक, तोंड, चारही दारं तेव्हा उघडी होती. एका दारातून मरण आत येत होतं आणि दुसऱ्यातून आई. दोन्ही वाटा एकाच उघडेपणाच्या. एक बंद करून दुसरी ठेवता आली असती तर आम्ही कोणीही तेच केलं असतं, पण देह तसा घडलेला नाही, आणि देवाने तो तसा घडवायला हवा होता असं मी आता म्हणत नाही. प्रेम आत येऊ शकेल असं काहीही घडवायचं तर आघातही आत येऊ शकेल असंच ते घडतं. सर्वशक्तिमान असणं म्हणजे दिशांचं निर्दोष कवच गोलावर पांघरता येणं, अशी माझी समजूत उरलेली नाही.

म्हणून आई, उत्तर असं आहे. ते शिरलं कवचाच्या फटीतून नाही, बाबांच्या जिवंतपणातून. तू म्हटलेली रामरक्षा कमी पडली नाही, कारण ती दार बंद करायला नव्हतीच. त्या दाराशी तू बसून होतीस, आणि स्तोत्र ज्याला रक्षण म्हणतं ते तेच होतं. यापुढे तुझ्यासाठी, माझ्यासाठी, कोणाहीसाठी मी रक्षण मागेन तेव्हा काहीच आत येऊ नये असं मागणार नाही. जे आत येईल त्याच्यापाशी आपलं माणूस एकटं नसावं, आणि आत आलेल्याने आपली दिशा वळवली तरी आपली माया हिरावून घेऊ नये, एवढं मागेन. हे मागणं पुरं होऊ शकतं. बाबांच्या बाबतीत ते पुरं झालं होतं.